मूठभर मीठ

राज्याच्या सीमेवरच्या त्या आठवडी बाजारात गादेवार शेठ मोहफुलांच्या बदल्यात मीठ देत. मैनीबाई दर बाजारी त्यांच्या तराजूवरून भांडायची. "डोळे फुटले का तुझे, शेठ? टाक आणखी."

शेठ सरपंच झाले. मिरवणुकीत मैनीबाईही नाचली. पण पुढच्याच बाजारात ती मोहाची टोपली उतरवून गप्प उभी राहिली. काट्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

हिचा आपल्यावर भरवसा बसला, की हिला आता आपली भीती वाटते? शेठना काही उमगेना. शेवटी तिच्यादेखत त्यांनी पारड्यातलं मूठभर मीठ काढून पुन्हा पोत्यात टाकलं आणि ती कधी भांडते याची वाट पाहू लागले.

मैनीबाईने पारड्याकडे पाहिलं, मग शेठकडे.

"तुम्ही द्याल तेवढं, साहेब," म्हणत तिने पदर पुढे केला.