फोर्कचं पथ्य

खोटं वाटेल, पण गोडादऱ्याचा ललित डर्टबाइक हवेत उडवून खाली आला, की पुढच्या चाकाचा स्प्रिंगवाला फोर्क इतका दबायचा की हेडलाइट आपल्याच चाकाला न्याहाळायची. हिलाल मिस्त्री म्हणाला, "ललितभाऊ, फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा टाका, नाहीतर वजन उतरवा!" ललितच्या बायकोनं, गायत्रीनं, दुसऱ्याच दिवशी नाश्त्याचा तेल-लोण्यात न्हालेला लोचो बंद करून दुधी सुरू केला.

पंधरवड्यात फोर्क ताठ! कामरेजच्या मैदानावर ललित हरणासारखा उडायला लागला. "दुधीचा गुण!" म्हणत त्यानं आणखी एक वाटी मागून घेतली.

वाटी वाढून गायत्रीनं स्वयंपाकघरातून हळूच फोन लावला, "हिलालभाऊ, स्प्रिंगा मी तुमच्याकडून बदलून घेतल्यात, हे यांना अजिबात कळू देऊ नका."