बांधावरून पंचवीसच्या वेगाने

"हिच्यापेक्षा जोरात जाणारी नाही का?" आफकेने विचारले.

सीब्रेन हसला. दुकान त्याच्या वडिलांपासूनचे, आणि आफकेला तो लहानपणापासून मावशीच म्हणत आलेला. तासभर तो तिला विजेच्या सायकली समजावून सांगत होता. मोटर पुढच्या चाकात असली की ओल्या विटांच्या रस्त्यावर चाक सरकते, म्हणून ती पायडलपाशी असलेली बरी. बॅटरी काढून घरात नेता आली पाहिजे. चढता-उतरताना दांडा आडवा येता कामा नये. आफकेने सगळे मान डोलावत ऐकले आणि पुन्हा वेगाचेच विचारले. ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे मोटर आपोआप बंद होते, कायदाच तसा आहे, असे त्याने सांगितले.

"आणि मावशी, पंचाहत्तरीत शर्यत लावायचीय तरी कुणाशी?"

शर्यत रिन्सेशी होती.

एकेचाळीस वर्षे दर गुरुवारी ती दोघे नवराबायको समुद्राच्या बांधावरून आफकेच्या बहिणीकडे, बाउक्येकडे, जात. परतताना पवनचक्की आली की घरापर्यंत शर्यत. मागे वळून पाहील तो हरला, हा एकच नियम. पहिला पोचेल त्याने दोघांची कॉफी करायची. रिन्सेचे डावे पायडल चेनकव्हरला आपटायचे. दर फेऱ्याला टक. सीब्रेनचे वडील ते नीट करून देणार होते, पण रिन्सेच नको म्हणाला. मी किती मागे आहे ते बायकोला कळायला नको का, म्हणाला.

सात वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका गुरुवारी वारा समोरून होता. रिन्सेने मागून हाक मारली. "आफके, जरा हळू चल." तिला वळायला लावण्यासाठी तो नेहमीच असल्या युक्त्या करी. ती हसली आणि तिने पाय आणखी जोरात मारले. टकटक मागे मागे पडत गेली, मग ऐकू येईनाशी झाली. घरी येऊन तिने दोन कप भरले. त्याचा कप पार गार झाला, तेव्हा ती दारात गेली.

रिन्से वाटेतच वारला होता. त्यानंतर ती बांधावर चढली की मागे टकटक सुरू व्हायची. जवळ यायची नाही, लांबही जायची नाही. तिने सायकल बदलली. कानात कापूस घालून पाहिला. शेवटी त्या वाटेने जाणेच सोडले. आता बाउक्येचे खुब्याचे हाड मोडले होते, आणि तिकडची बसही बंद झाली होती. "येणार आहेस, की एकदम मला पुरायलाच उगवशील?" बाउक्येने काल फोनवर विचारले होते. म्हणून आफकेला त्या आवाजाला मागे टाकेल अशी सायकल हवी होती.

सीब्रेनने निळी सायकल बाहेर काढली. बांधावर फिरवून बघा, म्हणाला.

चढ कधी संपला ते कळलेही नाही. वर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पवनचक्की ओलांडली, आणि मागे टक झाले. आफकेने बटण दाबून मोटरचा जोर वाढवला. वीस. तेवीस. पंचवीस. वारा तोंडावर येत होता आणि सायकल त्याला जुमानत नव्हती. टकटक मागे पडली. पुसट झाली. थांबली.

सात वर्षांनी तिच्या मागे काही नव्हते. फक्त वारा होता. ही शांतता तिने याच बांधावर एकदा ऐकली होती, आणि त्या दिवशी ती जिंकल्याच्या आनंदात होती.

तिने ब्रेक दाबले. पाय टेकला. आणि मागे वळून पाहिले.

रस्ता मोकळा होता. आफके उभी राहिली. बोटे गारठली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी उभीच राहिली. बऱ्याच वेळाने लांबून, दमलेल्या माणसाच्या पायाने, टक झाले. मग पुन्हा एकदा. ते अगदी शेजारी येईपर्यंत ती हलली नाही.

दुकानात सीब्रेन दारातच वाट पाहत होता. इतका वेळ लागला म्हणून तो काळजीत पडला होता. कशी वाटली, त्याने विचारले. छान आहे, ती म्हणाली, वारा जाणवतच नाही. मग तिने सगळ्यात हळू जाणारी सायकल दाखवायला सांगितले.

सीब्रेन गोंधळला. हिचाच जोर कमी ठेवता येतो की, म्हणाला.

"जोर हाताशी असला की मी वापरते रे. खोडच आहे मला."

"पण मावशी, एवढी घाई होती ना तुम्हाला?"

"माझ्याबरोबर एकजण असतो," आफके म्हणाली. "त्याची सायकल साधी आहे."