ओळीचं टोक

"ही खोकी अंधशाळेत पोचती कर," बाबा म्हणाले. "माझी बोटं गेली कामातून."

ठमीच्या पायातल्या चपलाही अजून निघाल्या नव्हत्या. दाराशी भिंतीला लागून बाबांची सगळी ब्रेल पुस्तकं खोक्यांत भरून, बांधून तयार होती. दृष्टी गेली त्या वर्षापासून जमवलेली.

"बाबा, पण झालं काय?"

"होणार काय? साखर. बोटं बधिर होतील म्हणून डॉक्टरांनी बजावलंच होतं. ओळ सुरू होते ती ठीक. टोकाला जाईपर्यंत बोटाखाली काही लागतच नाही. नुसता कागद."

आई आतून तेलाची वाटी घेऊन आली. बाबांचा हात तिने मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली. दोघांच्याही अंगवळणी पडलेलं दिसत होतं ते.

"चहातली साखर सोडली, गोळ्या वाढवल्या, आता हे तेल," ती म्हणाली. "तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती यांनी. तू कामात असतेस ना."

ठमी टेबलाकडे गेली. ब्रेल प्रिंटरमधून निघालेली पानं तिथे पडली होती, अर्धवट वाचून सोडलेली. एक पान तिने खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. उठावाच्या प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली पडली. डावीकडे सावल्या दाट होत्या, उजवीकडे विरळ होत गेल्या, आणि ओळीच्या टोकाला जवळजवळ नव्हत्याच.

ती दाराशी परत आली, एका खोक्याची सुतळी सोडली आणि जुनं पुस्तक उघडून तसंच धरलं. सावल्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारख्या.

"जुनं काही वाचून पाहिलंत का, बाबा?"

"ती तर पाठच आहेत मला. पाठ असलेलं बोट वाचतं की डोकं, कसं कळायचं?"

ठमीने पुस्तक मिटलं आणि टेबलावरच्या पानांकडे पुन्हा पाहिलं.

छपाईचं सॉफ्टवेअर हेच तिचं काम. कुठलाही मजकूर पानावर मांडायचा आणि प्रिंटरच्या हवाली करायचा. प्रत्येक जातीच्या प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलणारा एक छोटा भाग असतो, ड्रायव्हर. वर्षानुवर्षं साचलेले जुने ड्रायव्हर तिने या हिवाळ्यात घासूनपुसून लख्ख केले होते. ब्रेलच्या ड्रायव्हरमध्ये एक चमत्कारिक सूचना होती: थोडी अक्षरं ठोकून झाली की क्षणभर थांब. कशासाठी, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ज्यांनी ती लिहिली ते गृहस्थ निवृत्त झाले होते, पण एक फोन केला असता तर सांगितलं असतं त्यांनी. तिला घाई होती. तिने ती सूचना उडवली. चाचण्या एकूण एक पास झाल्या. त्या सगळ्या पडद्यावरच्या. कागदावरून हात कुणी फिरवलाच नव्हता. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, आणि त्याच आठवड्यात इथे येऊन, बाबांच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर चढवून ती ऐटीत म्हणाली होती, "आता बघा, कसा भराभर छापतो!"

ठिपके ठोकणाऱ्या सुयांना दम घ्यायला तो क्षण लागत होता. तो काढला तशा त्या ओळीच्या शेवटी शेवटी थकायच्या, आणि ओळ बदलेपर्यंत पुन्हा ताज्या व्हायच्या.

"बाबा," ती खाली बसली. "बोटं ठीक आहेत तुमची. चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. आईचा चोळणारा हात मध्येच थांबला.

बाबांनी तेलकट बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग म्हणाले, "मशीनचं काही असेल, असं मला एकदा वाटलं होतं खरं. मग म्हटलं, छे! ठमीने स्वतः बसवलंय."

"रागवा हो मला."

"कशाला? बोटं आहेत म्हणतेस, आणखी काय हवं?" ते हसले.

आई हसली नाही. वाटीतलं उरलेलं तेल बाटलीत ओतायला ती उठून आत गेली.

ठमीने कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती परत चढवायला घेतली. हा ड्रायव्हर वापरणारे आणखी किती असतील कोण जाणे. इतक्या महिन्यांत एकाचीही तक्रार आली नव्हती. त्याचं तिला ऑफिसात कौतुकच वाटायचं. तक्रार का आली नव्हती, ते आता बाबांच्या बोटांकडे बघून कळत होतं. उद्या साहेबांना काय सांगायचं, ते ती मनात जुळवू लागली, पण पहिल्या वाक्यापुढे जाता येईना.

प्रिंटर अडखळत, थांबत थांबत चालला. पान बाहेर आलं. तिने उजेडात धरून पाहिलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

बाबांनी पँटला हात पुसले. तर्जनी ओळीवर ठेवली आणि सरकवत नेली. टोकाशी आल्यावर बोट थबकलं.

"लागतंय?" तिने विचारलं.

"लागतंय," ते म्हणाले. "छान लागतंय."

पण बोट पुढच्या ओळीवर गेलं नाही. ते मागे आलं, त्याच टोकापर्यंत पुन्हा गेलं, तिथे जरा दाबून राहिलं. मग बाबांनी दुसरा हात पुढे केला आणि त्या हाताच्या बोटाने तीच अक्षरं परत चाचपून पाहिली.