समोरच्या चार रांगा

“त्या माणसाला टोपी काढायला सांग,” वर्ना भावाच्या कानाशी पुटपुटली.

“कुठल्या माणसाला?”

“समोरच्या. खालचा सगळा पडदा अडवलाय मेल्यानं.”

ऑरिननं तोंडातला लाह्यांचा बोकाणा गिळला आणि अंधारात निरखून पाहिलं. “अगं, समोरच्या चार रांगा रिकाम्या आहेत.”

थट्टा करायची त्याला खोडच होती. वर्ना हसली. तिनं मान डावीकडे नेली, टोपी डावीकडे गेली. उजवीकडे नेली, टोपी मागोमाग आली. तिचं हसू तिथंच थिजलं.

तिनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला. पडदा लख्ख होता. दीपगृहाचा गोल जिना आणि कंदील घेऊन वर चढणारी बाई. मग तिनं उजवा डोळा झाकला. बाईला पाय नव्हते. खालून काहीतरी काळं वर येत होतं, विहिरीत पाणी चढावं तसं, संथ.

चार दिवस त्या डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकत होत्या. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. डुलुथहून दोन तास गाडी हाकून ते दोघं सरोवराकाठच्या या एकपडदा थिएटरात आले होते. कुणाच्या तरी तळघरात वर्षानुवर्षं पडून राहिलेला हा मूकपट, आणि दुपारचा हा एकच खेळ. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून असे खेळ गाठायला वर्नानं सात राज्यं पालथी घातली होती. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकही सिनेमा तिनं अर्धवट सोडला नव्हता.

“ऑरिन,” ती म्हणाली, “मला दिसत नाहीये.”

“जागा बदलू या?”

“डोळ्याला दिसत नाहीये रे.”

लाह्यांचा डबा त्याच्या मांडीवरून घरंगळला. “ऊठ. आधी ऊठ.”

“वीसच मिनिटं राहिलीत.”

“वर्ना!”

“आणि हाच शेवटचा असला तर?” मागून कुणीतरी शुक् केलं. ती उठली नाही. काळं पाणी बाईच्या कमरेशी आलं होतं. वर्नाचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होते, आणि ते सोडवायचे कसे हेच तिला कळेना. शेवटी ऑरिननं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

तिकीटखिडकीवरच्या बाईनं दोघांचे चेहरे पाहिले. “काय झालं?”

“खालून काळं येतंय. पडदा वर ओढल्यासारखं.”

बाईनं लगेच फोन उचलला. “माझ्या दिराला झालं होतं असं. तो म्हणाला, सकाळी बघू. तुम्ही सकाळपर्यंत थांबू नका. निघा, मी इस्पितळात कळवते.”

“दिराचं काय झालं मग?” वर्नानं विचारलं.

बाई फोनवर नंबर दाबत राहिली.

गाडीत वर्ना उजवा डोळा झाकून बसली. ऑरिननं नको म्हणून सांगितलं, तरी तिला राहवेना. आधी रस्ता गेला. मग डावीकडचं सरोवर गेलं. तारांचे खांब बुंध्याकडून नाहीसे होत चालले, नुसते शेंडे आभाळात पळत होते. तिनं ऑरिनची बाही मुठीत धरली होती.

“त्या कंदीलवाल्या बाईचं पुढे काय होणार होतं?” त्यानं विचारलं.

“मला काय ठाऊक?”

“तुला ठाऊक नाही? तुला?”

“पहिल्यांदाच बघत होते.” आणि मग तिला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, हुंदके देऊन. ऑरिन वेग वाढवत राहिला.

इस्पितळातली डॉक्टरीण वर्नाची मुलगी शोभावी इतक्या वयाची होती. तिनं बराच वेळ डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं. “आतला पडदा सुटत आलाय. मधला भाग अजून जेमतेम चिकटून आहे. तासाभरात शस्त्रक्रियेला घेते. विजा कधीपासून चमकत होत्या?”

“चार दिवस.”

ऑरिन वळला. “चार दिवस? आणि मला बोलली नाहीस?”

“तू जाणं रद्द केलं असतंस.”

“केलंच असतं!” तो ओरडला आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“परत दिसेल ना?” वर्नानं विचारलं.

“मधला भाग टिकला तर दिसेल. आत्ता खात्री देता येत नाही,” डॉक्टरीण म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. डॉक्टरणीचा हात ऊबदार होता. वर्नाचा बर्फ झाला होता.

रात्रभर वर्ना पालथी पडून होती. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो जागेवर बसावा म्हणून मान वर करायची नव्हती. सकाळी परिचारिका आली, तिनं डोळ्यावरची पट्टी सोडली आणि चांगला डोळा आपल्या हातानं झाकला. “लगेच स्पष्ट दिसणार नाही हं. नुसता उजेड कळला तरी पुरे.”

खाली फरशी असायला हवी होती. वर्नाला राखाडी धुकं दिसलं. ती श्वास रोखून बघत राहिली.

ऑरिन खुर्ची ओढून तिच्या डोक्याशी बसला.

मग धुक्यात काहीतरी तपकिरी सरकलं. थांबलं. परत सरकलं.

“ऑरिन,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तू पाय हलवतोयस.”

ऑरिन पाय हलवतच राहिला.