सावली की पाणी

पूररेषा ठरवायला आलेल्या धम्मदीपने उपग्रहाचं चित्र कमलाबाईच्या ओसरीतल्या बाजेवर पसरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा गडवा ठेवला. मागच्या पुरातलं इन्फ्रारेड चित्र. जंगल उजळ, वैनगंगा काळी. नदीच्या वळणावर एक पांढरा ढग, आणि शेजारी, बरोबर या टोलीच्या वस्तीवर, काळा डाग.

"काळं म्हणजे पाणी," तो म्हणाला. "नाहीतर ढगाची सावली. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"सावलीच असन, भाऊ," कमलाबाई लगेच म्हणाली. "पूर इथवर नाई येत."

टोली पूररेषेच्या आत गेली, तर कोणालाच घरकुल मिळणार नव्हतं. ग्रामसेवकाने तसं सांगून ठेवलं होतं.

तो घरात गेला. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या, अजून ओल्या. पुराची खूण कुठेच नव्हती. कौलारू छपराच्या काळ्या कवेलूंमध्ये माणूसभर जागेत नवी, लाल कवेलू होती.

"हे काय?"

"वांदरं. भलते बदमाश हायेत."

बाहेर त्याच्यासाठी थांबलेल्या जीपचा हॉर्न वाजला. धम्मदीप बॉलपेन उघडत-मिटत राहिला. चित्र सकाळचं, ढग पूर्वेला. सावली इथेच पडायला हवी. पण सावलीखाली पाणी नव्हतं, हे त्यावरून ठरत नव्हतं.

"तुमी तं आपलेच," कमलाबाई दारातून म्हणाली. "लिवा सावली, अन् मोकळे व्हा."

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर किंचित तिरपी होती. तिरपं काही त्याला बघवत नसे. नमस्कार करून तो ती सरळ करायला गेला, तर ती खिळ्यावरून सुटून हातातच आली.

मागे सारवण नव्हतं. तसबीर न हलवता कमलाबाईने भोवतीनेच हात फिरवला होता. उरलेल्या चौकोनात, त्याच्या कपाळाच्या उंचीवर, गाळाची आडवी रेघ होती. तसबिरीवर मात्र एकही डाग नव्हता.

कमलाबाईने ती त्याच्या हातातून घेतली, पदराने पुसली.

"यायले छातीशी धरून वर बसलो होतो," ती म्हणाली. "सारी रात."

तिने टाचा उंचावून तसबीर पुन्हा खिळ्याला लावली. रेघ झाकली गेली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"पक्कं घर काऊन मागून राह्यलो, कोनी पुसलं काय? स्लॅबवर जिन्यानं चढता येते, भाऊ. कवेलू आतून फोडा लागतात."