भरल्या पोटाचा मान

"पुढे हो," उयांगा म्हणाली.

"तू हो," बात्सुख म्हणाला.

शर्यतीतले बाकीचे घोडे केव्हाच टेकडीपलीकडे गेले होते. त्यांनी उडवलेली धूळसुद्धा खाली बसली होती. माळावर मागे उरली होती ही दोघंच. दहा वर्षांची उयांगा आपल्या काळ्यापांढऱ्या अबलखावर आणि सात वर्षांचा बात्सुख एका झोपाळू तांबड्यावर. तांबडा चालत होता तो केवळ उभं राहायचा कंटाळा आला म्हणून.

मंगोलियात नादामच्या उत्सवात दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत लागते तेव्हा पहिल्याला बक्षीस असतंच, पण सगळ्यात शेवटी येणाऱ्यालाही मान असतो. भाट त्याच्यापुढे आयरागची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची वाटी धरतो आणि खड्या आवाजात म्हणतो, तुझं पोट सदा भरलेलं राहो, पुढच्या साली तूच पहिला ये. उयांगाला पहिलं येण्याची हौस नव्हती. तिला ते पोटाचं तेवढं हवं होतं.

वसंतात अबलखाला पोटशूळ उठला आणि तो मरता मरता वाचला. पाय झाडत पडला होता तेव्हा उयांगाच त्याचं पोट चोळत बसली होती. तेव्हापासून तो तिच्या ओंजळीतून चार काड्या खायचा, बाकीचं गवत नुसतं हुंगायचा. आजोबांनी सांगून टाकलं होतं, "पोरी, जे जनावर खात नाही ते हिवाळा काढत नाही. थंडीच्या तोंडावर कापू. निदान आपली तरी पोटं भरतील." डॉक्टरचं औषध झालं, लामाचा मंत्र झाला. आता भाटाचा आशीर्वाद तेवढा राहिला होता.

"माझा घोडा आजारी आहे रे," उयांगा काकुळतीला येऊन म्हणाली.

"आजारी? मघापासून माझी बाही चावतोय!" बात्सुखने बाही ओढून घेतली. बाहीत त्याने वाळल्या दह्याचे खडे लपवले होते. "आणि मुद्दाम मागे राहायचं नसतं. लबाडी आहे ती."

"मी कुठे मुद्दाम? तोच हळू चालतोय."

लगाम तिने हाताला दोन वेढे देऊन आवळून धरला होता.

"माझा खरंच हळू आहे," बात्सुख अभिमानाने म्हणाला. "गेल्या साली दुसरा घोडा होता, तरी मीच शेवटचा. आईने वाटी कालच घासून ठेवलीय."

दोघं आणखी थोडं रेंगाळली. मग बात्सुखला फारच कंटाळा आला आणि त्याने तोंड वर करून आरोळी ठोकली, "गिंगोऽऽ!" शर्यतीआधी घोड्यांच्या अंगात वारं भरावं म्हणून पोरं ही आरोळी देतात.

तांबड्याने कानसुद्धा हलवला नाही. अबलखाने दोन्ही कान टवकारले.

"गप्प बैस! बात्सुख, तुला माझी शपथ!"

"गिंगोऽऽ!" बात्सुख आता रंगात आला होता.

अबलख उधळला. उयांगाने लगाम खेचला, मान खेचली, शेवटी आयाळ धरून लोंबकळली. "थांब रे माझ्या राजा, आजारी आहेस तू!" राजाला ते पटलं नाही. टेकडी चढला, टेकडी उतरला, रमतगमत जाणाऱ्या घोड्यांना मागे टाकलं, दमलेल्यांना मागे टाकलं, आणि धड पहिल्यांत नाही, धड शेवटच्यांत नाही, असा कुठेतरी मधोमध जाऊन पोचला. तिथे ना बक्षीस, ना मान.

उयांगा घसरून खाली उतरली ती हुंदके देतच. "आजोबा, मी खूप ओढला हो. थांबलाच नाही मेला!"

आजोबांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल गं! घोडा थांबला नाही म्हणून रडणारी स्वार आपल्या घरात निघाली, हे कुणी ऐकलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"पण त्याच्या पोटाचं आता कोण म्हणणार?"

आजोबांनी अबलखाच्या घामेजल्या मानेवर थाप मारली, पण चेहरा हलू दिला नाही. "पळायचं काय, भ्यालेला ससाही पळतो. खायला पाहिजे."

बऱ्याच वेळाने बात्सुख आला. मान डोलावत, लोकांना हात करत, दिग्विजय करून आल्यासारखा. लोकांनी गलका केला. भाट निळं रेशमी वस्त्र हातावर घेऊन पुढे झाला, काठोकाठ भरलेली वाटी त्याने उंच धरली आणि डोळे मिटून सूर लावला. सुरुवातीला तांबड्याच्या खुरांचं कौतुक झालं, मग शेपटीचं. उयांगा अबलखाचा लगाम धरून गर्दीत पुढे उभी होती. तिला ऐकवत नव्हतं. तिने डोळे पुसायला लगाम सोडला.

"तुझं पोट सदा..." भाट म्हणत होता. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून एक काळंपांढरं तोंड पुढे आलं आणि वाटीत बुडालं.

सुर्रर्र आवाज झाला. भाटाने डोळे उघडले तेव्हा वाटीचा तळ दिसत होता. अबलखाने ओठ चाटले, मान खाली घातली आणि भाटाच्या बुटांभोवतीचं गवत कराकरा तोडायला लागला. कुणाच्या ओंजळीची वाट न बघता.

"ती माझी वाटी होती!" बात्सुख तांबड्यावरूनच ओरडला.

भाट गोंधळून आजोबांकडे पाहू लागला.

"थांबलात का? म्हणा की पुढचं," आजोबा म्हणाले. उयांगाच्या खांद्यावर हात ठेवून ते खाली वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "यंदा हिवाळ्याला गाय कापू."