चार मिनिटं

मालकांना त्या आठवड्यात दोन गोष्टी हव्या होत्या: कॅलेंडरसाठी धक्क्यालगतच्या नदीचा दुधासारखा मऊ फोटो आणि कामावरून काढायच्या माणसांची यादी.

फोटोग्राफरनं लेन्सवर एनडी फिल्टरची काळी काच चढवली. "चार मिनिटं शटर उघडं राहील. जे हलेल ते फोटोत दिसणार नाही."

"मग आम्ही चार मिनिटं उभे राहतो की," पोती वाहणाऱ्या बारा हमालांपैकी एक म्हणाला.

"उभं राहायचा पगार मिळतो का रे? उचला पोती!" खुर्चीतूनच मुकादम खेकसला आणि पोटावर हात ठेवून फोटोसाठी स्थिर झाला.

नदी अगदी दुधासारखी आली. धक्का रिकामा आला. मुकादम ठसठशीत.



मालकांनी फोटो न्याहाळला. "बाराही हमाल गायब, हा एकटाच जागेवर! घ्या, काढायच्या बारा जणांची यादीसुद्धा झाली."